चौदा डझन चेंडू

मक्याची कोठारं मागे पडली आणि बांधावरची वाट नदीच्या अंगाने वळली, तिथे डेल्मर थांबले. अर्धी वाट झाली होती. चर्चपासून मैदानापर्यंत तीन मैल. गेल्या नोव्हेंबरपासून ती दोघं हे अंतर जवळजवळ रोज चालत होती, पण या वळणावर डेल्मर कधी थांबले नव्हते. थांबायची जागा पुढे होती, पंपघराजवळच्या बाकावर.

"दमलात का?" ट्रूडीने विचारलं.

"नाही."

"मग पाय दुखतोय?"

"पायांना काय धाड भरलीय? चल." असं म्हणून ते उभेच राहिले. टोपी काढली, आतून पाहिली, परत घातली.

सकाळी प्रार्थनेत डेल्मर गायले नव्हते. त्यांचा आवाज फाटका, सुराशी फारशी ओळख नाही, पण गाणं कधी चुकवलं नाही. पुढच्या बाकावरच्या बायका त्यांच्यामुळे चाल विसरायच्या आणि पास्टर पुस्तकाआड हसायचे. आज मात्र पुस्तक उघडं धरून ते नुसते उभे होते. दुखणं परत आलं असेल का? तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि ती चालू लागली. दहा पावलांनी मागे त्यांच्या बुटांचा आवाज सुरू झाला, तेव्हा तिला जरा बरं वाटलं.

कॅल्डर गावात डेल्मर हॉफ हे नाव घेतलं तर निम्मी माणसं विचारतील, कोण? 'अंपायरांच्या खोलीवाले' म्हटलं की लगेच ओळख पटते. कॅल्डर हेरन्स हा गावाचा बेसबॉल संघ. मोठ्या शहरांतल्या संघांच्या कितीतरी पायऱ्या खाली. इथे येणारी मुलं वर चढायची वाट बघत असतात, आणि बहुतेक जण एक-दोन उन्हाळे वाट बघून घरी जातात. गावातल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. एप्रिल ते सप्टेंबर संध्याकाळी मैदानाचे दिवे लागतात, मुलं सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकत कठड्यावर बसतात, म्हाताऱ्या विणकाम घेऊन येतात. एवढं असलं म्हणजे कॅल्डरला पुरतं.

चौतीस वर्षांपूर्वी मक्याच्या कारखान्यातून डेल्मरना घरी बसवलं. एक महिनाभर त्यांनी स्वतःचं अंगण इतक्या वेळा कापलं, की बायको आर्लीन म्हणाली, "गवताला जरा श्वास घेऊ द्या, आणि मलाही." ते मैदानावर गेले आणि म्हणाले, काहीही काम द्या. त्यांना खुर्च्यांखालचं झाडायला दिलं. त्याच उन्हाळ्यात अंपायरांची खोली दिली.

खोली म्हणजे जिन्याखालची जागा. दोन कपाटं, एक शॉवर, एक टेबल. खालच्या पातळीवरचे अंपायर म्हणजे पोरंच असतात. दोघं एका जुन्या गाडीत बसून गावोगाव हिंडतात, स्वस्तातल्या लॉजमध्ये झोपतात, आणि जिथे जातील तिथे शिव्या खातात. कॅल्डरची माणसं एरवी सभ्य, चर्चमध्ये शेजाऱ्याला जागा देणारी. मैदानात शिरली की तीच माणसं ओरडतात, "अरे, डोळ्यांत कणसं उगवली का रे तुझ्या?" अशा पोरांची वाट बघणारं गावात एकच माणूस होतं. डेल्मर त्यांच्यासाठी टॉवेल उन्हात वाळवून ठेवत, भाजलेल्या डुकराच्या मांसाचं सँडविच आर्लीनकडून करून आणत, आणि सामना संपला की दारातच विचारत, "भूक आधी की आंघोळ आधी?" निकाल बरोबर दिलात की चूक, हे त्यांनी चौतीस वर्षांत एकाही अंपायरला विचारलं नाही.

आणि चेंडू. हे काम त्यांचं खरं काम होतं आणि ते कुणाला दिसत नसे. खोक्यातून निघालेला नवा चेंडू पांढरा, चकचकीत आणि निसरडा असतो. पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, बोटांत तो थांबत नाही. म्हणून सामन्याआधी प्रत्येक चेंडूला चिखल लावावा लागतो. साधा नव्हे, डब्यातून येणारा नदीतळाचा बारीक चिखल, सायीसारखा मऊ. बोटाच्या टोकावर घ्यायचा, थेंबभर पाण्यात कालवायचा आणि दोन्ही तळव्यांत चेंडू फिरवत चामड्यात जिरवायचा. कमी लागला तर चेंडू निसटतो, जास्त लागला तर काळपट होतो आणि बॅटरला दिसत नाही. नीट लागला की त्याला पातळ चहासारखा रंग येतो आणि तो हातात पक्का बसतो. एका सामन्याला सात डझन. डेल्मर दुपारी दोनला खोलीचं दार लावून बसत, रेडिओवर शेतमालाचे भाव लावत, आणि चारपर्यंत उठत नसत.

"याच्याइतकं सुख मला कारखान्यात कधी मिळालं नाही," ते म्हणत. "आणि बघ, कसं फुकट मिळालं."

ट्रूडीचं काम त्याच जिन्याच्या पलीकडे. एकोणीस वर्षं ती संघाचे कपडे धूत होती. शिवाय घरच्या सामन्यांच्या दिवशी फाटकावर जे चार पानी पत्रक वाटतात, त्यातलं शेवटचं पान ती लिहायची. मक्याच्या लाह्या विकणारा कोण, ऑर्गन वाजवणारी बाई कोण, असं काहीबाही. लोक ते पान वाचतात आणि मग त्यात सॉसेज गुंडाळतात. डेल्मर तिला चिडवायचे, "तुझं लिखाण लोकांच्या पोटापर्यंत जातं बघ."

आर्लीन जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या वर्षी डेल्मरना आतड्याचा कर्करोग निघाला. हिवाळाभर केमो चाललं. चर्चच्या बुधवारच्या प्रार्थनेच्या यादीत त्यांचं नाव सगळ्यात वर असे, आणि ट्रूडी ते नाव वाचताना जरा सावकाश वाचायची. डॉक्टर म्हणाले, चालत राहा. तिने ते मनावर घेतलं. बर्फात, चिखलात, वाऱ्यात, रोज दारात जाऊन उभी राहायची. "उठा. देवाने पाय दिलेत ते खुर्चीखाली ठेवायला नाही." मार्चमध्ये सगळे रिपोर्ट चांगले आले. एप्रिलमध्ये डेल्मर परत खोलीत हजर झाले तेव्हा ब्रेंडाने, म्हणजे संघाचा कारभार बघणाऱ्या बाईने, केक आणला होता. डेल्मरनी डोळे पुसले, दोन तुकडे खाल्ले आणि दोन वाजता दार लावून घेतलं.

पंपघराजवळचा बाक आला. दोघं बसली. नदी जुलैतली, फुगलेली, गढूळ. समोरच्या तीरावर कुणी मासे धरत होतं. डेल्मरनी खिशातून एक चेंडू काढला आणि तिच्या हातात ठेवला.

"कसा आहे?"

"चेंडू आहे," ट्रूडी म्हणाली. "मला काय कळतंय? मी चिखल काढणारी बाई."

"हात फिरव ना."

तिने फिरवला. रंग नेहमीचाच होता. पण तळव्याला काहीतरी बारीक, कोरडं लागलं, पिठासारखं. तिने अंगठा दाबून सरकवला तर अंगठा सुळकन पुढे गेला.

"गुळगुळीत आहे," ती म्हणाली.

"मला कळत नाही," डेल्मर म्हणाले.

"काय कळत नाही?"

त्यांनी दोन्ही हात पुढे धरले. मोठे, चपटे, नखांत कायमचा करडेपणा बसलेले हात. "बोटांची टोकं मेलीत, ट्रूडी. केमोने. फेब्रुवारीपासून. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाहीही येणार. शर्टाची बटणं मी आरशात बघून लावतो."

दुखणं परत आलं नव्हतं. ट्रूडीला आधी तेवढंच ऐकू आलं. मग बाकीचं ऐकू आलं.

"म्हणजे एप्रिलपासून तुम्ही—"

"गालाला लावून बघत होतो." ते ओशाळून हसले. "गालाला कळतं. एकेक चेंडू लावायचा, गालावर फिरवायचा, निसटला तर परत लावायचा. वेळ लागतो. दोनच्या ऐवजी बाराला येऊन बसायचो. दाढी रोज दोनदा करायची. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारा चेंडूंचे मुके घेतोय."

"आणि काल?"

हे विचारता विचारताच तिला उत्तर कळलं. शुक्रवारचा सामना पावसाने गेला, म्हणून काल एकाच दिवशी दोन सामने होते. चौदा डझन चेंडू.

"नऊ डझनांपर्यंत गालाला लावले," डेल्मर म्हणाले. "मग घड्याळ बघितलं. उरलेले पाच डझन डोळ्यांनी केले. रंग बघायचा नि टाकायचा. हात किती दाबतोय तेच मला कळत नाही. चिखल आत जिरलाच नाही, वरच बसला. वाळून त्याचं पीठ झालं. अंपायरांनी पाहिले, रंग ठीक होता, त्यांनी पिशवीत भरले."

दुसऱ्या सामन्याच्या सहाव्या डावात विल्फ्रीच्या हातातून चेंडू निसटला होता. विल्फ्री म्हणजे विल्फ्रेडो पेगेरो, डोमिनिकन रिपब्लिकमधून आलेला, वीस वर्षांचा, फार वेगाने फेकणारा. चेंडू समोरच्या बॅटरच्या हनुवटीवर बसला. सहा टाके आणि दोन दात हलले. विल्फ्री तिथेच गुडघ्यावर बसला, आणि त्यानंतर फेकलेला एकही चेंडू त्याला सरळ टाकता आला नाही. याआधीही त्याचा हात भरकटतो असं वरच्या मोठ्या संघाच्या लोकांनी लिहून ठेवलेलंच होतं.

आणि आज सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर, ट्रूडीनेच डेल्मरना सांगितलं होतं, "एकेचाळीस नंबरचे, विल्फ्रीचे, कपडे वेगळे काढायला सांगितलेत. उद्या पाठवतायत त्याला घरी." सहज सांगितलं होतं, वाईट वाटलं म्हणून. त्यानंतर डेल्मर गायले नव्हते.

"कुणाला माहीत आहे हे?" तिने विचारलं.

"तुला."

खरं बोलावं हे ट्रूडीला कुणी शिकवायला नको होतं. रविवारच्या वर्गात ती मुलांना तेच शिकवायची. तरी ती म्हणाली, "तो पोरगा आधीपासूनच भरकटलेला होता, असं सगळे म्हणतात. एका चेंडूने काय झालं? नाही सांगितलंत तरी—"

"ट्रूडी."

"बरं."

"मलाही वाटलं होतं तसं. सकाळपासून तेच घोकतोय. चालायला निघालो तेव्हा ठरवलं होतं, सांगायचं नाही. तिथे वळणावर ठरवलं, सांगायचं. आता इथे बसल्यावर परत वाटतंय, नको." त्यांनी तिच्या हातून चेंडू घेतला. "खोली काढून घेतील. घ्यायलाच पाहिजे. मग दुपारी दोन वाजता मी कुठे जाऊ? खरंच सांग. घरात आर्लीन नाही. अंगण आहे, पण गवत तरी किती कापायचं माणसाने?"

तिने त्यांच्या बोटांवर हात ठेवला. त्यांना तो कळत नव्हता, म्हणून मग मनगटावर ठेवला.

"देवाने मला हे वर्ष जादा दिलंय," डेल्मर म्हणाले. "मागितलं नव्हतं एवढं दिलं. ते या पोराच्या आयुष्यातून फाडून घ्यायचं का मी?"

ते उठले. उरलेली वाट दोघं सावकाश चालली. मध्येच डेल्मर म्हणाले, "वरच्या खिशात पेपरमिंट आहे, काढ गं, माझ्याने कागद सुटत नाही." तिने दोन काढल्या, दोन्हीचे कागद सोडले, एक त्यांना दिली.

ब्रेंडाच्या खोलीत पंखा फिरत होता आणि पिचरांचे प्रशिक्षक स्टँटन खुर्चीत पाय पसरून कागदी पेल्यात टरफलं थुंकत होते. तोंडाचे तिखट, पण मुलांसाठी रात्रंदिवस राबणारे गृहस्थ. डेल्मर दारातच उभे राहिले. टोपी हातात.

"या, डेल्मर," ब्रेंडा म्हणाली. "बर्फ हवाय का खोलीत?"

"नको. कालचे चेंडू मी खराब केले."

सांगायला त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. केमो, बोटं, गाल, चौदा डझन. सबब म्हणून काहीच नाही, नुसतं झालं ते एकापुढे एक. गालाचं सांगताना स्टँटन हसायला गेले आणि अर्ध्यात थांबले.

"कालच्या पिशवीत उरलेत का?" त्यांनी विचारलं.

पिशवी आली. स्टँटननी एक चेंडू उचलला, दोन बोटं शिवणीवर ठेवली, मनगट झटकलं, टाकून दिला. दुसरा उचलला. तिसरा. चौथ्याला त्यांनी पेला जमिनीवर आपटला. टरफलं सगळीकडे झाली.

"साबणाच्या वड्या आहेत या! त्या पोराला मी काल काय काय बोललो, ठाऊक आहे? घाबरट म्हणालो. आईची आठवण येते का म्हणून विचारलं. तीन महिने! एप्रिल, मे, जून, एकदा तोंड उघडायला काय झालं होतं?"

"भीती वाटली," डेल्मर म्हणाले.

"कसली?"

"घरी बसायची."

स्टँटन खाली वाकून टरफलं गोळा करू लागले. ते स्वतः एकसष्ट वर्षांचे होते आणि त्यांचा गुडघा दोनदा कापलेला होता. ब्रेंडाने खिडकीतून हाक मारून विल्फ्रीला बोलावलं.

विल्फ्री आला तो सामान आवरता आवरताच, खांद्यावर टॉवेल. सगळ्यांना एका जागी बघून त्याला वाटलं, आजच जा म्हणतायत. स्टँटननी त्याच्या हातात चेंडू दिला. त्याने सवयीने बोटं शिवणीवर ठेवली. मग चेंडूकडे बघितलं. परत बोटं ठेवली. अंगठ्याने घासलं, अंगठा बघितला.

"हा कालचा?"

"कालचा," डेल्मर म्हणाले. "मी लावलेला. चूक माझी आहे, पोरा. तुझ्या हाताला काही झालेलं नाही."

विल्फ्रीला इंग्रजी बेताचंच येत होतं. त्याने ब्रेंडाकडे बघितलं, स्टँटनकडे बघितलं, नीट ऐकलं ना मी, असं. मग तो खुर्चीत बसला आणि टॉवेलमध्ये तोंड घातलं. खांदे हलत होते. स्टँटननी त्याच्या मानेवर हात ठेवला आणि छताकडे बघत राहिले.

"मी कालपासून हात बघतोय, आजोबा," तो टॉवेलमधूनच म्हणाला. "वाटलं, हात गेला माझा. आईला सांगितलं फोनवर, हात गेला."

"तुझा नाही," डेल्मर म्हणाले. "माझा गेलाय."

तो वर बघून हसला की रडला हे ट्रूडीला कळलं नाही. नाक ओढून तो म्हणाला, "त्या बॅटरला पण सांगा. तो मला खुनी म्हणतोय."

"त्याला आधी दात बसवू दे," स्टँटन म्हणाले, "मग नीट उच्चार करेल."

तेव्हा मात्र सगळीच हसली, अगदी डेल्मरसुद्धा, आणि हसल्याबद्दल त्यांना लगेच वाईट वाटलं.

ब्रेंडाने फोन लावला. वरच्या माणसांशी ती वीस मिनिटं बोलली, मध्ये स्टँटननी फोन हिसकावून घेतला आणि मोठ्याने बोलले, मग परत तिने घेतला. शेवटी फोन ठेवून ती म्हणाली, "उद्याचं जाणं रद्द. गुरुवारी फेकायचं. त्यात काय करतो ते बघून ठरवतील." जास्त काही नव्हतं ते. पण विल्फ्री उठून टॉवेल घेऊन पळाला, आणि बाहेर कुणाला तरी त्याच्या भाषेत ओरडून सांगितलेलं ऐकू आलं.

मग ब्रेंडा डेल्मरकडे वळली. ती चाळीस वर्षांची. लहानपणी वडिलांबरोबर सामने बघायला येत असे आणि डेल्मर तिला मोडकी बॅट देत.

"चेंडू तुमच्याकडे ठेवता येणार नाहीत," ती म्हणाली.

"हो."

"ज्या पिचरचा फेकायचा दिवस नसेल तो येऊन लावेल. पाळीने. तुम्ही शेजारी बसून शिकवायचं. त्यांना आपल्या बोटांनी कळेल." ती थांबली. "खोली तुमचीच. टॉवेल, सँडविच, सगळं तुमचंच. पण डब्याला हात लावायचा नाही, डेल्मर. मला असं म्हणायला लावलंत याचा राग आलाय मला."

"येऊ दे," डेल्मर म्हणाले. "देव तुझं भलं करो, ब्रेंडा."

"आणि हे या खोलीतच राहू द्या. विल्फ्रीचं काम झालं. तुमचं नाव गावभर व्हायची गरज नाही."

डेल्मरनी टोपी घातली आणि ते बाहेर पडले.

ट्रूडी आपल्या कामाच्या जागी आली. दोन्ही यंत्रं लावली. एकेचाळीस नंबरचे वेगळे काढलेले कपडे बाकीच्यांत मिसळून टाकले आणि तेवढ्यासाठी मनातून हात जोडले. पाचला सामना होता. थोड्या वेळाने डेल्मर आले आणि उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसले. अंपायरांच्या खोलीत आता पहिला पिचर, उंच, लालसर केसांचा मुलगा, चिखलाचा डबा उघडून बसला होता.

"कसं लावतोय?" तिने विचारलं.

"वाईट. भाकरी थापल्यासारखा थापतोय. शिकेल."

"वाईट वाटतंय?"

"हो, फार." त्यांनी हात गुडघ्यांवर पालथे ठेवले. "आणि हलकंही वाटतंय. दोन्ही एकदम वाटू शकतं, मला नव्हतं माहीत. मला वाटलं होतं, आज घरी जाईन ते शेवटचंच. आणि बघ, तासाभरात दोन पोरं येतील शिव्या खायला आणि मी त्यांना विचारीन, भूक आधी की आंघोळ आधी. कोण देतं एवढं? चूक केल्यावर कोण देतं?"

यंत्रं घरघरत होती. बाहेर कुणीतरी ऑर्गनवर सूर जुळवत होतं.

"ट्रूडी, मंगळवारचं पान लिहून झालं?"

"अजून नाही. फाटकावरच्या आजींवर लिहिणार होते."

"त्यांचं पुढच्या वेळी लिही." ते जरा पुढे वाकले. "हा खेळ मला का आवडतो, आज कळलं. बाकी कुठे माणसाची चूक अशी उघड्यावर मांडतात? इथे फळ्यावर आकडा लावतात, धावांच्या शेजारी, सगळ्या गावाला दिसेल असा. दुसऱ्या दिवशी पेपरात नाव छापतात, 'चूक' लिहून पुढे अमुक अमुक. आणि त्याच दिवशी संध्याकाळी त्याच माणसाला त्याच जागी उभं करतात. चौतीस वर्षं मी हे बघतोय. पण चिखल लावणाऱ्याला रकाना नाही. माझं नाव कधी कुठे आलंच नाही. शनिवारच्या नोंदीत विल्फ्रीच्या नावापुढे 'बॅटरला लागला' असं कायमचं राहणार, ते आता ब्रेंडालाही पुसता येणार नाही. मग त्याच्या खाली माझंही असू दे."

"ब्रेंडा म्हणाली ना, खोलीतच राहू द्या म्हणून."

"ती मुलगी चांगली आहे, म्हणून म्हणाली. तिला मी सांगेन. तू लिही. मोठं काही नको. माझं आजारपण नको, बोटं नकोत, आर्लीनही नको. लोकांनी सॉसेज गुंडाळायच्या आधी वाचलं तरी पुरे. एवढंच लिही: 'शनिवार, दुसरा सामना, सहावा डाव. चूक: हॉफ.' लिहिशील का, ट्रूडी?"